होम सर्व्हर मधेच बंद पडलेला सापडतो, लॉगमध्ये (मशिनच्या नोंदींत) काहीच नाही. एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) बदलू का?

होमलॅब_पुणे

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतोय, पण अर्धवट माहिती दिली की पहिलं उत्तर "आधी लॉग टाका" हेच येतं, म्हणून सगळं एकदमच लिहितो.

घरचा सर्व्हर म्हणून माळ्यावर एक रिफर्बिश्ड (जुना, नीट करून विकलेला) ऑफिस डेस्कटॉप ठेवलाय. सहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ओएस एनव्हीएमई एसएसडीवर, आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क एमडीएडीएमने मिरर केलेल्या (एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर). डेबियन १२ (लिनक्स), मॉनिटर-कीबोर्ड काही नाही, सगळा कारभार एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून. डॉकरमध्ये (प्रत्येक अॅप वेगळं ठेवून चालवणारं सॉफ्टवेअर) फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन आणि फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड. मशिन ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे आणि राउटरला त्याचा वेगळा छोटा १२ व्होल्टवाला यूपीएस आहे.

त्रास असा की मशिन मधूनच बंद झालेलं सापडतं. हँग नाही, रीस्टार्ट नाही, चक्क बंद, पॉवरचा दिवासुद्धा नाही. आईच्या फोनवरून फोटो चढेनात की मला कळतं. बटण दाबलं की काही झालंच नाही अशा थाटात चालू होतं, मिरर थोडा वेळ रीसिंक होतो (दोन्ही डिस्क परत जुळवून घेतो) आणि मग बरेच दिवस काही तक्रार नाही. मग परत तेच.

आतापर्यंत काय बघितलं: सेन्सर्स कमांडमध्ये प्रोसेसरचं तापमान एरवी ३८-४० डिग्री, ट्रान्सकोडिंग (व्हिडिओचं रूपांतर) चालू असताना ६५-७०. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही. लाइट जात असेल म्हणावं तर यूपीएस आहे ना, आणि त्याची बॅटरी मल्टीमीटरने मोजली तर १३.४ व्होल्ट दाखवते, म्हणजे ठणठणीत. राहिला एसएमपीएस. पण या ब्रँडेड डेस्कटॉपचा एसएमपीएस आकाराने आणि कनेक्टरने वेगळा असतो, बाजारात सहज मिळत नाही आणि मिळाला तर स्वस्त नसतो. पैसे घालायच्या आधी कुणाला काही सुचतंय का?

कोल्हापुरी_कर्नल

भावा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला लेप). विषय संपला. रिफर्बिश्ड मशिन म्हणजे वरून पुसून चकाचक केलेलं असतंय, हीटसिंकखाली कोण हात घालत नाही. पेस्ट वाळून खडू झालेली असणार. इंटेलचे हे प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास गेले की आधी स्पीड कमी करतात आणि तरीबी तापतच राहिले तर हार्डवेअरच पॉवर तोडतंय, लॉग लिहायला पण वेळ देत नाही. म्हणून तुला लॉगमध्ये काय दिसंना. पंख्यातला कचरा काढ, पेस्ट लाव, आणि माळ्यावरनं खाली आण त्याला आधी.

ठाणेकर_टर्मिनल

ट्रान्सकोडिंगलाही ७० च्या वर न जाणारा प्रोसेसर एकदम १०० ला कसा जाईल राव? पंखा अडकला तर जाईल हे मान्य, पण मग बटण दाबल्यावर परत बरेच दिवस गुण्यागोविंदाने कसा चालेल?

माझा प्रश्न वेगळा आहे. डेबियन टाकताना डेस्कटॉप (ग्राफिकल स्क्रीन) म्हणून ग्नोम टाकलंय का? ग्नोमचं लॉगिन स्क्रीन कुणी लॉगिन केलं नाही तर काही मिनिटांनी मशिन झोपवतं, आणि सर्व्हरवर स्क्रीनसमोर कधीच कुणी बसत नसल्यामुळे माणसाला वाटतं बंद पडला. मी एका मित्राच्या मशिनवर हे बघितलंय, तो बिचारा रॅम बदलून बसला होता. तसं असेल तर सिस्टिमसीटीएल मास्क करून स्लीप, सस्पेंड, हायबरनेट ही तिन्ही टार्गेटं बंद करून टाक. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरणाऱ्यांनी शिवाय लॉगइनडी.कॉन्फमध्ये हँडल-लिड-स्विच इग्नोर करायचं, नाहीतर झाकण लावलं की झोपला.

होमलॅब_पुणे

@कोल्हापुरी_कर्नल पेस्ट घेतल्या घेतल्याच बदलली होती. पंखा रविवारी उघडून बघितला, मोकळा फिरतोय.

@ठाणेकर_टर्मिनल ग्नोम नाही, कुठलाच डेस्कटॉप नाही. आणि चालू केल्यावर अपटाइम शून्यापासून सुरू होतो, म्हणजे झोपेतून उठत नाहीये, खरंच बंद झालेला असतो.

लॉगवाचक

"लॉगमध्ये काही नाही" हीच खरं तर सगळ्यात कामाची माहिती आहे, फक्त ती नीट वाचायला हवी.

मशिन दोन प्रकारे बंद होतं. एक म्हणजे ओएसला कळून. कुणी बटण दाबलं, लिनक्सच्या कर्नलला (गाभ्याला) तापमान जास्त वाटलं, एखाद्या स्क्रिप्टने पॉवरऑफ मारलं. यात जर्नलच्या (सिस्टिमच्या लॉगच्या) शेवटी रीतसर निरोप समारंभ दिसतो: पॉवर की दाबल्याची नोंद किंवा क्रिटिकल टेंपरेचरची ओळ, मग एकेक सर्व्हिस थांबली, डिस्क अनमाउंट झाल्या, शटडाऊन टार्गेट गाठलं. दुसरा प्रकार म्हणजे ओएसला न सांगता खालून वीजच गेली. त्यात जर्नल मधेच तुटतं, शेवटची ओळ कसलीही असू शकते, क्रॉनची (ठरल्या वेळी कामं चालवतो तो), डॉकरची, कशाचीही. तुमचा मिरर दर वेळी रीसिंक होतोय म्हणजे दुसराच प्रकार असणार, पण खात्री करून घ्या.

जर्नलसीटीएलला लिस्ट-बूट्स द्या, प्रत्येक बूट कधी सुरू झालं आणि शेवटची नोंद कधीची हे ओळीने दिसेल. मग मायनस बी मायनस १ करून मागच्या बूटची शेपटी बघा. लास्ट मायनस एक्सपण चालवा, अचानक गेलेल्या बूटसमोर तो 'क्रॅश' असं लिहितो. आणि स्मार्टसीटीएलने एनव्हीएमईचा 'अनसेफ शटडाऊन्स' आकडा बघून ठेवा. हा आकडा ड्राइव्ह स्वतः मोजतो, ओएसचा त्यात काही संबंध नाही. पुढच्या वेळी तो एकने वाढला की वीज तुटली, वाद संपला.

एक सावधगिरी मात्र घ्या. जर्नलची शेवटची वेळ म्हणजे मशिन मेल्याची वेळ समजू नका. जर्नलडी साधे मेसेज दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्के करतं, त्यामुळे शेवटची काही मिनिटं गायब असू शकतात, आणि रात्री मशिन शांत असेल तर मुळात लिहिण्यासारखंच काही नसतं. तुमचा राउटर जिवंत राहतो म्हणताय ना, मग त्याच्या लॉगमध्ये लॅन पोर्टची लिंक डाऊन झाल्याची नोंद सेकंदासकट मिळेल. ती वेळ टाका इथे. मे महिन्यापासूनच्या सगळ्या टाका, "ती वेगळ्या कारणाने होती" म्हणून एकही गाळू नका.

होमलॅब_पुणे

घ्या. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) आहे आणि लॉग पेनड्राइव्हवर जातो त्यामुळे सगळं सापडलं.

२५ मे, सोमवार, रात्री १:२० च्या सुमारास. ही वळवाच्या पावसातली, लाइट बराच वेळ गेली होती, यूपीएस संपला असणार.
८ जून, सोमवार, रात्री २:४१.
२२ जून, सोमवार, रात्री २:४१. मिनिटसुद्धा तेच!
२५ जून, गुरुवार, दुपारी ४:१०.

चारही वेळा जर्नल मधेच तुटलंय. ८ जूनची शेवटची ओळ २:१७ ची आहे, तासाच्या क्रॉनची. लास्ट चारही ठिकाणी क्रॅश म्हणतोय.

ठाणेकर_टर्मिनल

तीन सोमवार! एफएसट्रिम (एसएसडीतली रिकामी जागा मोकळी करणारं काम)! त्याचा टायमर दर आठवड्याला सोमवारी मध्यरात्रीनंतरच लागतो. एनव्हीएमईला ट्रिम करताना काहीतरी होतंय, फर्मवेअर अपडेट आहे का बघ.

कोल्हापुरी_कर्नल

मग १ आणि १५ जूनच्या सोमवारी ट्रिमला सुट्टी होती व्हय

लॉगवाचक

कर्नल बरोबर बोलतायत. आठवड्याचं काम असतं तर १५ जूनलाही बंद पडायला हवा होता. ८ आणि २२ मध्ये चौदा दिवस आहेत आणि मिनिट तेच आहे. लिनक्समध्ये दर चौदा दिवसांनी आपोआप चालणारं काही नेहमीचं काम मला आठवत नाही, क्रॉनमध्ये तर ते सरळ लिहिताही येत नाही. पण यूपीएसमध्ये आहे. यूएसबी पोर्टवाल्या बऱ्याच लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएसमध्ये सेल्फ टेस्ट असते, चालू झाल्यापासून दर चौदा दिवसांनी यूपीएस स्वतःहून काही सेकंद लोड (जोडलेलं मशिन) बॅटरीवर टाकून बघतो. बॅटरी चांगली असेल तर तुम्हाला एक टिक ऐकू येईल, बाकी काही नाही. बॅटरी मेलेली असेल तर त्या टेस्टमध्येच लोड पडतो. म्हणजे घरात लाइट आहे, राउटर चालू आहे, पंखा फिरतोय, आणि जो डबा वाचवायला बसवलाय तोच रात्री पावणेतीनला सर्व्हरची वीज तोडतोय.

तपासायला सोपं आहे. २५ मेच्या रात्री लाइट परत किती वाजता आली? २:४० च्या आसपास आली असेल तर हिशेब जुळला, यूपीएस तेव्हा चालू झाला आणि त्याचं घड्याळ तिथून सुरू झालं. गुरुवारची दुपार म्हणजे साधी लाइट गेलेली असणार, फक्त बॅटरीने एक सेकंदही धरलं नाही.

आणि मशिन परत चालू का होत नाही, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वीज गेल्यानंतरचं सेटिंग बंद राहा असं असणार. कुठे 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' लिहिलेलं असतं, कुठे 'आफ्टर पॉवर फेल्युअर'.

होमलॅब_पुणे

सोसायटीच्या ग्रुपवर मागे जाऊन बघितलं. २५ मे, रात्री २:४३ ला चौथ्या मजल्यावरच्यांचा मेसेज: "आली आली 🙏". आणि २५ जूनला दुपारी ट्रान्सफॉर्मरचं काम होतं, सव्वाचारला कुणीतरी "लाइट कधी येणार" विचारलंय, सव्वापाचला आली. आम्ही सगळे बाहेर होतो.

यूपीएसचं मॅन्युअल काढलं. सेल्फ टेस्ट, दर १४ दिवसांनी, बारीक अक्षरात एका ओळीत.

पण मग बॅटरी १३.४ व्होल्ट कशी दाखवते?

वायरमन_काका

यूपीएसचा प्लग लावलेला ठेवून मोजलंस ना? मग तू बॅटरी नाही मोजलीस, चार्जर मोजलास. १२ व्होल्टच्या सीलबंद लेड अॅसिड बॅटरीला चार्जर साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर धरून ठेवतो, बॅटरी मेलेली असो नाहीतर जिवंत असो, काट्याला तेच दिसणार. प्लग काढून तासभर ठेवून मोजलंस तरी फसशील, कारण लोड नसताना खराब बॅटरीही साडेबारा दाखवते. बॅटरीची लायकी लोड टाकल्यावरच कळते. लोडवर साडेदहाच्या खाली गेली की यूपीएस हात वर करतो.

सांगतो तसं कर. सर्व्हर रीतसर बंद कर आणि यूपीएसवरून काढ. त्याच्या जागी जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब लाव, होल्डरला दोन वायर आणि प्लग, एवढंच. एलईडी नको, तो दहा वॉट खातो आणि काहीच कळत नाही. यूपीएस पाच-सहा तास चार्ज झालेला असू दे. मग भिंतीवरचं बटण बंद कर आणि बल्बकडे बघत बस. नवीन ७ एएचची बॅटरी असेल तर १०० वॉटवर पंधरा-वीस मिनिटं जळायला पाहिजे. पाच मिनिटं जळला तर बॅटरी म्हातारी झाली. बल्ब नुसता डोळा मारून विझला तर बॅटरी गेली. लोकं ही टेस्ट सर्व्हर लावूनच करतात आणि मग डिस्क खराब झाली म्हणून रडतात.

आणि यूपीएस पण माळ्यावरच आहे का? शेवटचा मजला का? तसं असेल तर स्लॅब तापतो आणि एप्रिल-मेमध्ये माळा नुसता धगधगत असतो. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ डिग्रीला धरून सांगतात, त्यावर दर दहा डिग्रीला साधारण निम्मं होतं. खाली तीन वर्षं चालली असती ती वर दीडच वर्षात बसते. सर्व्हर राहू दे वर पाहिजे तर, यूपीएस खाली आण.

होमलॅब_पुणे

शेवटचा मजलाच काका.

बल्ब शोधायला अर्धा दिवस गेला, शेवटी देवघरासमोरच्या माळ्याच्या खोक्यात सापडला. बटण बंद केलं, बल्ब एकदा पिवळा-लाल झाला, यूपीएसने एक लांब शिट्टी मारली आणि सगळं शांत. दोन सेकंदसुद्धा नाही. परत करून बघितलं, तसंच.

मग यूपीएस उघडला. बॅटरी बाहेरच येईना. दोन्ही बाजूंनी फुगून ट्रेमध्ये गच्च बसली होती, स्क्रू ड्रायव्हरने पत्रा थोडा वाकवून काढली. वरच्या झाकणाला केसाएवढी चीर आणि एका टर्मिनलवर हिरवट-पांढरी पावडर.

एसएमपीएसचे पैसे वाचले. आता तीन प्रश्न. बॅटरी कुठली घेऊ, बायोसमध्ये ते सेटिंग लगेच चालू करू का, आणि यूएसबीची वायर जोडून नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं म्हणतोय, त्यात काही खाचाखोचा?

वायरमन_काका

फुगलेली बॅटरी स्क्रू ड्रायव्हरने उचकटत जाऊ नकोस बाबा, टोक दोन्ही टर्मिनलला लागलं तर वेल्डिंग होतं. ती पावडर हाताला लागली असेल तर साबणाने धू, डोळ्याला हात लावू नको.

जुनी बॅटरी पिशवीत घालून तापकीर गल्लीत (इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात) घेऊन जा. १२ व्होल्ट ७ एएच म्हणून मागायची, आणि जुनी नवीच्या शेजारी धरून दोन्हींची टर्मिनलं दुकानातच जुळवून बघायची. त्याच्या पट्टीत दोन साइज येतात, एक पावणेपाच मिलिमीटरची आणि एक सव्वासहाची, आणि दुकानदार हाताला लागेल ती देतो. लहान पट्टीवर मोठं कनेक्टर सैल बसतं, तिथे गरम होतं आणि चार महिन्यांनी परत इथे येशील. बॅटरीवर महिना-वर्षाचा शिक्का असतो तो बघ, दुकानात वर्षभर पडून राहिलेली नवी बॅटरी ही नवी नसते. जुनी तिथेच दे, शिशाचे पैसे वजा करतात, आणि कचऱ्यात टाकायची वस्तू नाहीच ती.

लॉगवाचक

बायोसचं सेटिंग 'पॉवर ऑन' करा, 'लास्ट स्टेट' नको, त्याचं कारण खाली येईल.

नटमध्ये ड्रायव्हर बहुतेक यूएसबीएचआयडी-यूपीएस हाच लागेल. यूपीएससी कमांडने बॅटरी चार्ज, लोड, स्टेटस दिसायला लागलं की अर्धं काम झालं. डीफॉल्ट वागणूक अशी की लाइट गेल्यावर नट काही करत नाही, यूपीएसने 'लो बॅटरी' म्हटलं की मगच मशिन बंद करायला घेतं. जुनी होत चाललेल्या बॅटरीत 'लो बॅटरी' आणि 'संपली' यात फार अंतर राहत नाही, डॉकरमधला पोस्टग्रेस डेटाबेस थांबायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून नटचं अप्सस्केड वापरून लाइट गेल्यापासून तीन-चार मिनिटांनी सरळ बंद करा. इमिचचा डेटाबेस त्याच पोस्टग्रेसमध्ये आहे, फोटो फाइल म्हणून राहतील पण अल्बम आणि चेहरे तिथे असतात.

खाच पुढे आहे. समजा लाइट गेली, चार मिनिटांनी सर्व्हर नीट बंद झाला, आणि पाचव्या मिनिटाला लाइट आली. यूपीएस तर बंद झालाच नव्हता, त्याच्या आउटपुटला वीज सलग होती. म्हणजे बायोसच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, आणि मग तो कशाला चालू करेल मशिन? सर्व्हर बंदच राहतो. यावर उपाय नटमध्येच आहे: शटडाऊनच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर तो यूपीएसला सांगतो की तूही आउटपुट तोड आणि लाइट आली की परत दे. त्यासाठी नटच्या अप्समॉनच्या कॉन्फमध्ये पॉवरडाऊनफ्लॅग लिहिलेला हवा, आणि यूपीएसने ती आज्ञा पाळायला हवी, सगळे स्वस्त यूपीएस पाळत नाहीत. 'लास्ट स्टेट' असेल तर इथेच अडकाल, कारण शेवटची अवस्था बंद होती.

अप्समॉनला एफएसडी (सक्तीच्या शटडाऊनची आज्ञा) देऊन हे एकदा शनिवारी दुपारी मुद्दाम करून बघा, बल्ब दुसऱ्या सॉकेटला लावून. सर्व्हर बंद झाल्यावर बल्ब विझला आणि थोड्या वेळाने परत लागला तर यूपीएस ऐकतोय.

कोल्हापुरी_कर्नल

आणि लाइट येऊन दोन मिनिटात परत जाते तेव्हा काय? आमच्याकडं पावसाळ्यात पाच-पाच वेळा ये-जा करती

लॉगवाचक

त्यासाठी यूपीएसमध्ये स्टार्ट डिले असतो, नटमध्ये यूपीएस.डिले.स्टार्ट नावाने दिसतो, बदलू देत असेल तर तीन-चार मिनिटं करून ठेवायचा. काही मॉडेलमध्ये बॅटरी ठरावीक टक्के भरल्याशिवाय आउटपुट द्यायचंच नाही असंही सांगता येतं, ते मिळालं तर उत्तम.

होमलॅब_पुणे

नवी बॅटरी बसली. बल्ब अठरा मिनिटं जळला, मी तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. यूपीएस खाली शू-रॅकच्या बाजूला आणलाय, वायर लांबवावी लागली. बायोस पॉवर ऑन केलं. नटमध्ये स्टेटस दिसतंय पण एफएसडी दिल्यावर सर्व्हर बंद होतो आणि बल्ब काही विझत नाही. पॉवरडाऊनफ्लॅग आहे. यूपीएससीएमडीच्या (यूपीएसला आज्ञा देणारी कमांड) यादीत लोड.ऑफ (आउटपुट तोड) आहे, शटडाऊन.रिटर्न (तोड आणि लाइट आली की परत दे) नाहीये. म्हणजे हा ऐकणाऱ्यातला नाही का?

लॉगवाचक

बहुतेक नाही. आधी तो कमांड खरंच जातोय का ते बघा, सिस्टिमडीच्या सिस्टिम-शटडाऊन फोल्डरात नटची स्क्रिप्ट आहे ना आणि ती एक्झिक्युटेबल आहे ना. असेल तर मग राउटरकडून काम करून घ्या, तो कायम चालू असतोच: ओपनडब्ल्यूआरटीवर ईथरवेक टाका, दर दहा मिनिटांनी क्रॉनमधून सर्व्हरला पिंग, उत्तर नाही आलं तर वेक-ऑन-लॅनचं (बंद मशिनला नेटवर्कवरून उठवणारं) पॅकेट. बायोसमध्ये वेक-ऑन-लॅन चालू करायला लागेल आणि डीप स्लीप की असंच काहीतरी नाव असलेलं सेटिंग बंद. फक्त स्क्रिप्टमध्ये लाइट आहे की नाही हे कळायची सोय ठेवा, नाहीतर लाइट गेलेली असतानाच राउटर त्याला उठवत बसेल. यूपीएसवर नसलेलं एखादं वायफाय प्लग घरात असेल तर त्यालाच पिंग करून बघा, तो जिवंत असेल तर लाइट आहे.